कॉम्प्युटरच्या गेटवर

खट्-ठण्.

हा आवाज मी नोकरीच्या पहिल्या दिवशी ऐकला. कारखान्याच्या मोठ्या गेटात माणसांसाठी एक छोटं दार होतं. त्याची लोखंडी कडी पडली की आधी खट् व्हायचं आणि मग अख्खं गेट शहारून ठण् म्हणायचं. ती कडी काढायची आणि घालायची, एवढंच माझं काम. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही, याला फार शिक्षण लागत नाही. माझ्याकडे ते नव्हतंच, त्यामुळे काम मला शोभून दिसलं. इंग्रजी अक्षरं मी ट्रकच्या नंबरप्लेटवरून शिकलो. (अजूनही इंग्रजी शब्द दिसला की त्याच्यापुढचे आकडे कुठे गेले म्हणून मी शोधत बसतो.)

रिटायर झालो आणि तो आवाज गेला. घराच्या दाराला साधा बोल्ट आहे, तो बिचारा काही बोलतच नाही. मग एके दुपारी पुढच्या खोलीत खुर्चीत डुलक्या घेत होतो, तेव्हा कोपऱ्यातून स्पष्ट आलं, ठण्. मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, "पास दाखवा."

समोर बायको चहाचा कप घेऊन उभी होती. तिने चहा परत नेला.

आवाज कॉम्प्युटरचा होता. हा कॉम्प्युटर सूनबाईचा. कपाटं, फडताळं, स्वयंपाकाचे ओटे यांची चित्रं ती त्याच्यावर काढते, आणि मग सुतार त्याबरहुकूम लाकूड कापतो. मध्यंतरी त्या कॉम्प्युटरला कसला तरी रोग लागला आणि तिने काढलेली सगळी चित्रं एका दिवसात गेली. ती रडली नाही. सिंकपाशी उभी राहून एकच पातेलं घासत राहिली. पातेलं कधीच लख्ख झालं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारातून ते बघितलं आणि मागे फिरलो. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला येत नाही.

त्यानंतर चिरंजीवांनी कॉम्प्युटरवर एक रखवालदार बसवला. म्हणजे तोही प्रोग्रामच, पण कडक. कुठलाही नवा प्रोग्राम काही करायला लागला की हा त्याला दारातच उभा करतो आणि ठण् वाजवून आपल्याला विचारतो, याच्यावर विश्वास ठेवायचा का? आपण 'येऊ द्या' म्हणायचं किंवा 'अडवा'. एकदा विश्वासू म्हटलं की त्याचं नाव यादीत जातं आणि पुन्हा विचारणं नाही. अडवलं तरी तसंच. चिरंजीवांनी हे सगळं मराठीत करून ठेवलं होतं. ते मला समजावून सांगत होते आणि मी मान हलवत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मान हलवताना मला खरोखर समजत होतं. हे तर माझंच काम.

बायकोला मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "तुम्ही नव्या मॅनेजरना अडवलं होतं, तेच ना ते काम?"

ही गोष्ट आमच्या घरात जुनी आहे. नवे मॅनेजर पहिल्या दिवशी पासशिवाय आले आणि मी त्यांना गेटवर अडवलं. त्यांनी माझ्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. ती थाप मी सगळ्यांना सांगतो. दुसऱ्या दिवशी मला मागच्या गेटवर पाठवलं, ते बायको सांगते. मागच्या गेटवरून फक्त भंगार जायचं.

आता खरी गोष्ट. सूनबाईला दुसऱ्या गावातल्या एका मोठ्या दुकानाने नोकरी देऊ केली होती. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. नाही म्हणावं तर हातात दुसरं काम नाही. होतं ते एकच. आमच्या गावात फर्निचरचं शोरूम आहे, त्याच्या मालकीणबाईंनी तिला म्हाताऱ्या माणसांसाठी एक स्वयंपाकघर काढून दाखवायला सांगितलं होतं. आवडलं तर कायमचं काम, घरी बसून. नाही आवडलं तर सोमवार. चिरंजीव जेवताना ताटाकडे बघत होते. बायकोने एक दिवस न सांगता सूनबाईच्या जाड चादरी उन्हात घातल्या. मी त्या वाळल्यावर काढल्या, घडी केली आणि कपाटात सगळ्यांत खाली ठेवल्या. (म्हणजे सापडू नयेत. पण बायकोला माझं खालचं आणि वरचं सगळं माहीत आहे.)

त्या स्वयंपाकघरासाठी सूनबाईने फार मेहनत घेतली. बायकोला आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभं करायची आणि म्हणायची, आई, हात वर करा, पण टाचा उचलायच्या नाहीत. हात पोचला तिथे खडूची रेघ. आता वाका, कंबर दुखायला लागली की सांगा. तिथे रेघ. असं करत सगळी भिंत भरली, कपाटं, खण, ओटा, सगळं खऱ्या मापाचं. बायको कुरकुर करायची, माझी भिंत आहे की शाळेचा फळा. पण मी एकदा त्या भिंतीला टेकलो आणि माझ्या सदऱ्याने एक रेघ पुसली गेली, तेव्हा दिवसभर तिने मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही.

शेवटी चित्र दाखवायचा दिवस आला. मालकीणबाई चार वाजता कॉम्प्युटरवरूनच चित्र बघणार होत्या, तिकडे त्या आणि इकडे सूनबाई. दुपारी जेवण झाल्यावर सूनबाईने शेवटचं मोठं चित्र कॉम्प्युटरला तयार करायला लावलं. ते काम तो एकटाच करत बसतो, ओव्हनमध्ये केक ठेवल्यासारखं. तेवढ्यात सुताराकडून लाकडाचे नमुने आणते, म्हणून ती निघाली. चप्पल घालता घालता मला म्हणाली, "बाबा, ठण् वाजलं तर हात लावू नका हं. मी आले की बघते."

मी बरं म्हणालो, आणि मला तसंच म्हणायचं होतं.

ती गेली आणि ठण् वाजलं. मी पंख्याकडे बघत बसलो. पुन्हा वाजलं. मी पेपर उघडला. तिसऱ्यांदा वाजलं. आता तुम्हीच सांगा. दारात कोणी तरी उभा आहे, कडी वाजवतो आहे, आणि आपण आत पेपर वाचायचा? आमच्या गेटवर एक रीत होती. हो म्हणा, नाही म्हणा, पण माणसाला ताटकळत ठेवायचं नाही. तो त्याचाही अपमान आणि गेटचाही. सूनबाईने हात लावू नका म्हटलं होतं. मी हात लावला नाही. एक बोट लावलं.

पहिला जो उभा होता त्याचं नाव मी एकेक अक्षर करून वाचलं, काही बोध झाला नाही. खाली लिहिलं होतं, निर्माता: अज्ञात. ज्याला आपला ठेकेदार सांगता येत नाही त्याला मी कधी आत सोडलं नव्हतं. अडवा. दुसरा आला तो म्हणे, कॅमेरा वापरायचा आहे. भर दुपारी, घरात बायकामाणसं, आणि हा बाहेरचा कोण कॅमेऱ्यातून बघणार? अडवा. त्याच्यामागोमाग आणखी एक, मायक्रोफोन वापरायचा आहे म्हणत. एक बघणार आणि एक ऐकणार, म्हणजे दोघे जोडीनेच आले होते. (अशा जोड्या मी खूप पाहिल्या. एक बोलण्यात गुंतवतो, दुसरा बोळातून जातो.) अडवा. मग एक आला, तो मोठी फाईल बाहेर पाठवायची म्हणत होता. बाहेर जाणारी पिशवी तपासल्याशिवाय सोडायची नाही, हे तर गेटवर पहिल्या दिवशी शिकवतात. फाईलवर सूनबाईच्या स्वयंपाकघराचं नाव होतं. चोर मुद्देमालासकट सापडला. मी 'अडवा' दाबलं आणि खाली 'पुन्हा विचारू नका' असा चौकोन होता त्यावरही खूण केली. त्याला परत यायची तसदी नको.

सगळ्यांना अडवलं असं मात्र नाही. एक जण फार चांगला आला. आधी नमस्कार लिहिलेला. मग, मी आपला कॉम्प्युटर स्वच्छ करायला आलो आहे. पूर्ण नाव, पत्ता, वर सोनेरी बिल्ला. झाडूवाल्याला गेटवर कोणी अडवत नाही. त्याला मी विश्वासू केलं.

सगळ्यांत शेवटी एक जण ढालीचा शिक्का घेऊन आला. तो म्हणाला, मी सुरक्षा विभागाकडून आलो आहे, नवी माहिती आणली आहे. ऐकून मला हसू आलं. गेटवर लबाड माणूस नेहमी हेड ऑफिसमधूनच आलेला असतो. अडवा, आणि पुन्हा विचारू नका.

मग शांतता झाली. एकदाही ठण् वाजलं नाही. मी खुर्चीत मागे टेकलो. बायको मटार सोलत बसली होती, तिला म्हटलं, गेट मोकळं केलं. तिने विचारलं, सूनबाईने हात लावू नका म्हटलं होतं ना? मी बोटाचा मुद्दा सांगितला. ती मटार सोलत राहिली, पण जरा जोरात.

सूनबाई आली तेव्हा चाराला थोडाच वेळ होता. लाकडाचे तुकडे टेबलावर ठेवून ती बसली आणि तिने चित्र उघडायला घेतलं. अर्धंच झालं होतं. ओटा होता, कपाटं नव्हती. तिने दुसरं काही तरी उघडलं, तिथे लाल अक्षरं आली, अविश्वासू म्हणून अडवले आहे. तिसरं उघडलं, अविश्वासू. चौथं, अविश्वासू. तेवढ्यात कॉम्प्युटरमधून एक गोड बाई मोठ्याने म्हणाली, "आपल्याकडे फार कचरा आहे." तो माझा झाडूवाला.

बायकोने मटाराचं ताट खाली ठेवलं. तिला वाटलं, कोणी तरी दारातून आत डोकावून बोललं.

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. तिने मला कोणी केलं असं विचारलं नाही, घरात दुसरं कोण आहे करायला. मी आपणहून सांगितलं, की सगळ्यांची नीट चौकशी केली. कॅमेऱ्यावाला कोण होता ते तिने मला सांगितलं. मालकीणबाईंना सूनबाई त्याच्यामार्फत दिसणार होती. मायक्रोफोनवाला म्हणजे तिचं बोलणं. फाईलवाला त्यांना चित्र पोचवणार होता. आणि निर्माता अज्ञात तो आमच्याच ओळखीतल्या एकाने लिहिलेला छोटा प्रोग्राम, चित्रातली कपाटं तो रंगवत होता.

"आपल्याकडे फार कचरा आहे," बाई म्हणाली.

यादी बदलायची तर रखवालदाराची खिडकी उघडायला हवी. ती उघडेना. सूनबाईने चिरंजीवांना ऑफिसात फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. ते हे दाब, ते दाब सांगत होते, काही होत नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं की ढालीचा शिक्का असलेला कोणी आला होता का. मी म्हटलं, आला होता, पण मी फसलो नाही.

मग चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, तुम्ही रखवालदारालाच बाहेर उभं केलंत."

सूनबाईने मालकीणबाईंना फोन केला, थोडा उशीर होईल म्हणून सांगायला. त्या फार चांगुलपणाने म्हणाल्या की मी तुमच्याच भागात आले आहे, कशाला कॉम्प्युटरवरून, घरीच येऊन बघते. पाच-दहा मिनिटांत येते. सूनबाई हो म्हणाली आणि फोन ठेवून नुसतीच उभी राहिली. मला ते पातेलं आठवलं. मी टेबलावरचे लाकडाचे नमुने उचलले आणि पुन्हा होते तिथेच ठेवले.

तेव्हा तीच म्हणाली, "बाबा, एक काम कराल? आता खरंच कोणाला तरी अडवा. त्या आल्या की जरा दारात बोलत ठेवा. तोवर हे सांगतील तसं मी करून बघते."

नोकरीत असताना मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी सदऱ्याची वरची गुंडी लावली, खुर्ची उचलली आणि पुढच्या दाराच्या पायरीवर मांडली. आमचं घर तळमजल्याला आहे, पुढे रस्ता, मागे स्वयंपाकघराचं दार गल्लीत उघडतं. मी रस्त्याकडे तोंड करून बसलो.

फार वेळ बसावं लागलं नाही. एक बाई आल्या. नीटनेटक्या, खांद्याला मोठी बॅग, हातात फाईल. वहिनी आहेत का, म्हणाल्या. मी विचारलं, काय काम? म्हणाल्या, स्वयंपाकघराच्या संदर्भात आलेय. मी मनात म्हटलं, आल्या.

मग मी जे अडवलं तसं जन्मात कोणाला अडवलं नसेल. नाव विचारलं. कुठून आलात, कशाने आलात, उन्हाचा त्रास झाला का विचारलं. त्यांनी ओळखपत्र दिलं ते मी पुढून वाचलं, मागून वाचलं, एकेक इंग्रजी अक्षर. बॅगेत काय आहे विचारलं. (हे विचारताना जीभ जरा अडखळली, पण सूनबाईचा सोमवार डोळ्यांसमोर आला.) बाई मात्र जराही रागावल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, काका, इतकं कोणी विचारत नाही हो, दारं लावून घेतात. त्यांनी बॅग उघडली आणि एक पांढरी पेटी पायरीवर मांडली, तिला दोन नळ्या जोडल्या, आणि पाणी कसं गढूळ जातं आणि कसं स्वच्छ येतं ते सांगायला लागल्या. मला वाटलं, शोरूमच्या बाई आहेत, नव्या स्वयंपाकघरात हेही बसवायचं असेल. मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. पायरीवर पेटी, नळ्या, बादली, मी आणि खुर्ची. मुंगीला जायला वाट नव्हती. रस्त्यावरून एक गाडी आली, जरा थांबली, आतून कोणी तरी आमच्याकडे बघितलं आणि गाडी पुढे गल्लीत वळली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी ड्यूटीवर होतो.

बऱ्याच वेळाने बायको आतून आली आणि म्हणाली, चहा झालाय, आत या.

मी तिला डोळ्यांनी खुणावलं. जवळ आली तेव्हा हळूच म्हटलं, "सूनबाईचं झालं का? नाही तर आणखी धरून ठेवतो यांना."

बायकोने त्या बाईंकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. "या कोण?"

"शोरूमच्या बाई."

"शोरूमच्या बाई आत दुसरा कप घेतायत," बायको म्हणाली.

झालं होतं असं. मालकीणबाई आल्या तेव्हा पुढच्या पायरीवर पाण्याचा कारखाना लागलेला. म्हणून त्या गाडी गल्लीत घेऊन मागच्या दाराने आल्या. मागचं दार म्हणजे सरळ स्वयंपाकघर, आणि समोरच खडूची भिंत. सूनबाई बाहेरच्या खोलीत फोन कानाला लावून रखवालदाराची मनधरणी करत होती, तिला पत्ताच नाही. बायको एकटी होती. मालकीणबाईंनी विचारलं, ह्या रेघा कसल्या? बायकोला चित्राचं काही कळत नाही. तिने नुसता हात वर केला, टाचा न उचलता, आणि म्हणाली, इथवर माझा पोचतो. मग वाकून दाखवलं, इथून पुढे कंबर दुखते. सगळी भिंत तिने अशी हाताने आणि कमरेने वाचून दाखवली. मालकीणबाईंनी पदर खोचला आणि स्वतः भिंतीशी उभ्या राहून हात वर केला. त्यांच्याही कमरेला तेच दुखणं होतं. सूनबाई आत धावत आली तेव्हा त्या दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. कॉम्प्युटरवरचं चित्र मग बघू, सवडीने पाठवा, असं त्या म्हणाल्या. कामाचं मात्र पुढच्या महिन्याचंही सांगून टाकलं.

त्या गेल्यावर चिरंजीवांना फोन झाला. सूनबाई बोलता बोलता खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती आणि हसतही होती. पेटीवाल्या बाईंनाही चहा झाला. कॉम्प्युटरमधली बाई अधूनमधून कचऱ्याचं सांगतच होती, पण आता कोणी मनावर घेत नव्हतं. बायकोने कपाटाच्या तळातून चादरी काढल्या (त्या तिला आधीच सापडल्या होत्या) आणि आपल्या जागी परत ठेवल्या.

सगळे बसले होते. माझ्या मनात एक विचार आला, आणि मी सहसा बोलत नाही, पण तो बोललो. म्हणालो, तसं पाहिलं तर मी पुढे अडवलं म्हणूनच त्या मागून आल्या, आणि मागून आल्या म्हणून त्यांना भिंत दिसली. नाही तर पुढच्या खोलीत बसून अर्धं चित्र बघून गेल्या असत्या.

सूनबाईला हसू आवरेना, तिने तोंडापुढे लाकडाचा नमुना धरला. पेटीवाल्या बाई म्हणाल्या, काकांचं बरोबर आहे. मी बायकोकडे बघितलं. मला वाटलं, एखादी थाप पाठीवर पडेल.

बायको उठली. पुढच्या पायरीवरची माझी खुर्ची तिने उचलली, सगळ्यांच्या मधून आत नेली, स्वयंपाकघरातून पलीकडे, आणि मागच्या दाराशी, जिथे आमची रद्दी आणि फुटकी बादली असते, तिथे गल्लीकडे तोंड करून मांडली. सीटवरची धूळ पदराने झटकली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेली.